सागरतळाचे शोधक सर वायव्हिल थॉमसन

मनुष्यानें सूर्याचें अंतर मोजलें, ग्रहांच्या गति गणितानें बांधल्या, हिमालयाच्या शिखरांची उंची ठरविली. परंतु ज्या पाण्यानें पृथ्वीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग व्यापिला आहे, त्या पाण्याच्या तळाशीं काय आहे, हें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यास जवळजवळ ठाऊक नव्हतें. किनाऱ्याजवळचा समुद्र कोळ्यांच्या व नावाड्यांच्या परिचयाचा होता. त्यापलीकडील खोल समुद्र म्हणजे केवळ कल्पनेचें राज्य होतें. तेथें पाणी इतकें दाबलें जातें कीं, बुडालेलें जहाज तळास न पोहोंचतां मध्येंच तरंगत राहतें, असें पुष्कळांस वाटे. आणि तेथें कोणताही जीव जगणें शक्य नाहीं, असें अनेक विद्वानही मानीत. हा समज ज्यांच्या परिश्रमांनीं दूर झाला आणि सागरतळाच्या शास्त्राचा पाया ज्यांनीं घातला, त्या सर चार्ल्स वायव्हिल थॉमसन यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडीलमंडळींनीं वाचावें असें आहे.

थॉमसन यांचा जन्म ता. ५ मार्च १८३० रोजीं स्कॉटलंडांतील लिन्लिथगो गांवाजवळ बॉन्साइड येथें झाला. त्यांचे वडील ॲण्ड्र्यू थॉमसन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत शस्त्रवैद्य होते. मर्चिस्टन कॅसल नांवाच्या शाळेंतील शिक्षण पुरें करून थॉमसन सन १८४५ मध्यें एडिंबरो येथील विश्वविद्यालयांत वैद्यकाचा अभ्यास करावयास गेले. परंतु त्यांची प्रकृति नाजूक होती. अभ्यासाच्या श्रमांनीं ती ढांसळली आणि वैद्यकाचा मार्ग त्यांस सोडावा लागला. एखादा तरुण अशा वेळीं निराश होऊन बसला असता. थॉमसन यांचें मन मात्र वनस्पति व प्राणी यांच्या निरीक्षणांत रमत असे. जो केवळ छंद होता, तोच त्यांनीं आपला व्यवसाय केला. वयाच्या विसाव्या वर्षीं ते ॲबर्डीन येथें वनस्पतिशास्त्राचे व्याख्याते झाले. सन १८५३ मध्यें आयर्लंडांतील कॉर्क येथें व पुढल्याच वर्षीं बेलफास्ट येथें त्यांस प्राध्यापकाची जागा मिळाली.

बेलफास्ट येथें असतांना एका विशेष प्राण्याकडे त्यांचें लक्ष वेधलें. त्यास आपण सागरकमळ म्हणूं. दिसण्यांत तो देंठावर उमललेल्या फुलासारखा असतो. परंतु तो वनस्पति नसून तारामाशाचा भाऊबंद आहे. पुरातन खडकांत या प्राण्याचे सांगाडे विपुल सांपडतात. जिवंत सागरकमळें मात्र त्या काळीं अत्यंत दुर्मिळ समजलीं जात. एके काळीं समुद्र ज्यांनीं भरलेला होता, ते प्राणी कोठें गेले? ते सर्वच नष्ट झाले, कीं मनुष्याची दृष्टि जेथें पोहोंचत नाहीं अशा खोल पाण्यांत त्यांचे कांहीं वंशज अद्याप नांदत आहेत? हा प्रश्न थॉमसन यांच्या मनांत घर करून राहिला.

परंतु या प्रश्नाच्या वाटेवर एका थोर शास्त्रज्ञाचें मत आडवें येत होतें. त्या शास्त्रज्ञाचें नांव एडवर्ड फोर्ब्स. यांचा जन्म सन १८१५ मध्यें मॅन बेटावर झाला. पर्वत चढतांना पायथ्याची झाडी वेगळी, मध्यावरची वेगळी आणि माथ्यावरची वेगळी दिसते. त्याचप्रमाणें समुद्रांत खालीं उतरतांनाही जीवसृष्टीचे थर बदलत जातात, हें फोर्ब्स यांनीं पद्धतशीर रीतीनें दाखवून दिलें. ब्रिटनच्या किनाऱ्यावर त्यांनीं असे चार पट्टे सांगितले. भरती-ओहोटीच्या दोन रेषांमधला पट्टा पहिला; तेथील प्राणी दिवसांतून कांहीं वेळ उघडे पडतात. त्याखालीं लांब व रुंद पानांच्या समुद्रशेवाळाचा दुसरा पट्टा. त्याच्या खालीं, जेथें मोठें शेवाळ संपतें, तेथें चुनखडीसारख्या कठीण सागरी वनस्पतींचा व शिंपल्यांचा तिसरा. आणि सर्वांत खालीं खोल पाण्यांतील पोवळ्यांचा चौथा. ही मांडणी इतकी स्वच्छ होती कीं, पुढील सर्व अभ्यासकांनीं तिचाच आधार घेतला.

सन १८४१ मध्यें फोर्ब्स ‘बीकन’ नांवाच्या सर्वेक्षणाच्या जहाजावरून एजिअन समुद्रांत गेले. लोखंडी चौकटीस जाळ्याची पिशवी बांधून ती ते दोरानें तळाशीं सोडीत व ओढून वर घेत. तेथें त्यांनीं एकाखालीं एक असे आठ पट्टे ठरविले. त्यांची पिशवी अधिकांत अधिक २३० वांव खोल पोहोंचली. वांव हें दोन्ही हात पसरून दोर मापण्याचें खलाशांचें जुनें माप असून एक वांव म्हणजे सहा फूट होतात. जसजसें खालीं जावें, तसतसे प्राणी संख्येनें व जातींनीं कमी होत जातात, असें फोर्ब्स यांस आढळलें. तेव्हां हा क्रम पुढें तसाच चालेल असें धरून त्यांनीं अनुमान केलें कीं, सुमारें ३०० वांवांखालीं जीवसृष्टीचें प्रमाण शून्यावर येत असावें.

अनुमानांत वरवर पाहतां दोष दिसत नव्हता. खोल पाण्यांत सूर्याचा प्रकाश नाहीं, म्हणून वनस्पति नाहींत. वनस्पति नाहींत, म्हणून अन्न नाहीं. शिवाय थंडी आणि पाण्याचा प्रचंड दाब. परंतु एजिअन समुद्राचें पाणी मुळांतच अन्नानें दरिद्री आहे, आणि फोर्ब्स यांच्या पिशवीचें तोंड लहान असून ती चिखलानें लवकर भरून जात असे. एका समुद्राच्या २३० वांव खोल तळावरून सर्व महासागरांच्या सहस्रावधि वांव खोलीविषयीं निर्णय केला गेला, हाच खरा दोष होता. फोर्ब्स जगते तर कदाचित् त्यांनीं स्वतःच तो दुरुस्त केला असता. परंतु सन १८५४ मध्यें, एडिंबरो येथील प्राध्यापकपद मिळून थोडेच महिने झाले असतां, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षीं ते मरण पावले. त्यांचें अनुमान मात्र मागें राहिलें. आणि जें त्यांनीं संभव म्हणून मांडलें होतें, तेंच इतरांनीं सिद्धांत म्हणून पाठ केलें.

याविरुद्ध पुरावे नव्हते असें नाहीं. सन १८१८ मध्यें जॉन रॉस यांनीं बॅफिनच्या उपसागरांत खोली मापण्यासाठीं सोडलेल्या दोरास गुंतून एक सुंदर तारामासा वर आला होता. परंतु तो दोर वर येतांना मध्येंच कोठें तरी त्यास बिलगला असेल, असें म्हणून तो पुरावा बाजूस सारण्यांत आला. सन १८६० मध्यें भूमध्यसमुद्रांत सार्डिनिया व आल्जीरिया यांमधील तारायंत्राची तुटलेली तार दुरुस्तीसाठीं वर काढली, तेव्हां सुमारें १,२०० वांव खोलीवर पडलेल्या भागास पोवळीं चिकटलेलीं आढळलीं. हीं पोवळीं तारेवरच रुजून वाढलेलीं होतीं. तीं वाटेंत बिलगलीं असें म्हणण्यास जागा नव्हती. नॉर्वे देशांत मायकेल सार्स नांवाचे एक गृहस्थ होते. ते पूर्वीं खेडेगांवांत धर्मोपदेशकाचें काम करीत व फावल्या वेळीं समुद्रांतील प्राण्यांचा अभ्यास करीत. पुढें ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांनीं व त्यांच्या मुलानें २०० ते ३०० वांव खोल पाण्यांतून शेंकडों जातींचे प्राणी मिळविले, आणि त्यांत एक लहानसें जिवंत सागरकमळही होतें.

ही वार्ता ऐकून थॉमसन स्वतः नॉर्वेस गेले व सार्स यांचा संग्रह त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला. खडकांत दगड होऊन राहिलेल्या प्राण्याचा जिवंत वंशज समोर पाहून त्यांचा निश्चय झाला. खोल समुद्राविषयीं पुस्तकांवरून वाद घालण्यांत अर्थ नाहीं. समुद्रासच विचारलें पाहिजे. सन १८६८ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीचे एक पुढारी डॉ. विल्यम कार्पेंटर हे सागरकमळाच्याच अभ्यासासाठीं बेलफास्ट येथें आले होते. थॉमसन यांनीं आपला विचार त्यांस सांगितला. एका प्राध्यापकाच्या पदरच्या पैशांनीं हें काम होण्यासारखें नव्हतें. त्यास सरकारी आगबोटच हवी होती. कार्पेंटर यांनीं सोसायटीमार्फत आरमारखात्याकडे मागणी केली व ती मान्य झाली.

मिळालेली ‘लाइटनिंग’ ही आगबोट फार जुनी होती. ऑगस्ट १८६८ मध्यें ती स्कॉटलंडच्या उत्तरेस फेरो बेटांकडे निघाली. वाऱ्यापावसानें इतका छळ मांडला कीं, सुमारें सहा आठवड्यांच्या सफरींत प्रत्यक्ष काम करण्यास थोडेच दिवस मिळाले. तथापि तेवढ्यांतही ६५० वांव खोलीवरून जिवंत प्राणी वर आले. फोर्ब्स यांच्या शून्याच्या रेषेच्या दुप्पट खोलीवर जीवसृष्टि नांदत होती! शिवाय आणखी एक चमत्कार दिसला. जवळजवळच्या दोन ठिकाणीं, सारख्याच खोलीवर, एकीकडे तळाचें पाणी बर्फासारखें थंड, तर दुसरीकडे पुष्कळच उबदार होतें. खोल पाण्याचें उष्णमान सर्वत्र एकच असतें, ही समजूतही त्यामुळें डळमळली. या दोन पाण्यांमध्यें समुद्राच्या पोटांत एखादी भिंत असली पाहिजे असा तर्क निघाला. पुढें सन १८८० मध्यें ‘नाइट एरंट’ या आगबोटीवरून तपास झाला, तेव्हां अशी एक डोंगराची ओळ खरोखरच सांपडली. तिला आज थॉमसन यांचेंच नांव आहे.

दुसऱ्या वर्षीं ‘पॉर्क्युपाइन’ नांवाची अधिक चांगली आगबोट मिळाली. आतां थॉमसन यांनीं अंतिम प्रश्नास हात घातला. ६५० वांवांपर्यंत जीव आहेत हें खरें. परंतु त्याहून पुष्कळ खालीं काय? जुलै १८६९ मध्यें फ्रान्सच्या पश्चिमेस २,४३५ वांव, म्हणजे पावणेतीन मैल खोल तळाशीं पिशवी सोडण्यात आली. ती खालीं जाऊन वर येण्यास सुमारें सात तास लागले. दोर तुटला असता तर सर्व खटपट व्यर्थ गेली असती. पिशवी जहाजावर आली, तेव्हां तींत दोन मणांच्या आसपास करडा चिखल होता. आणि तो धुऊन पाहतां त्यांत शिंपले, किडे, तारामाशांचे भाऊबंद असे निरनिराळ्या वर्गांचे प्राणी निघाले. त्या काळच्या साधनांस जेवढें खोल जाणें शक्य होतें, तेवढ्या खोलीवरही समुद्र ओसाड नव्हता. याच सफरींत तांबड्या रंगाचा, मऊ व लवचिक कवचाचा एक काटेरी प्राणी सांपडला. त्याच्यासारखे प्राणी तोंवर खडूच्या खडकांतील अवशेषांवरूनच माहीत होते. या सफरींचा वृत्तांत थॉमसन यांनीं सन १८७३ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला.

दरम्यान सन १८७० मध्यें ते एडिंबरो येथें प्राध्यापक झाले होते. ज्या आसनावर फोर्ब्स थोडे महिने बसले होते, तेंच हें आसन. परंतु थॉमसन यांच्या नशिबीं स्वस्थ बसणें नव्हतें. सर्व महासागरांचा तळ तपासण्यासाठीं जगाची प्रदक्षिणा करावी, असें ठरलें. ‘चॅलेंजर’ नांवाचें लढाऊ जहाज निवडण्यांत आलें. आणि शास्त्रज्ञांचे मुख्य म्हणून थॉमसन यांची नेमणूक झाली. जहाजावरील बहुतेक तोफा काढून टाकून त्या जागीं प्रयोगशाळा, काचेच्या बरण्या, उष्णतामापकें, जाळीं आणि मैलोगणती दोर भरण्यांत आले. ता. २१ डिसेंबर १८७२ रोजीं हें जहाज पोर्टस्मथ बंदरांतून निघालें. कप्तान जॉर्ज नेअर्स हे होते. थॉमसन यांच्याबरोबर जॉन मरे, हेन्री मोझली व रुडॉल्फ फॉन विलेमोस-झूम हे प्राणिशास्त्रज्ञ, जॉन बुकॅनन हे रसायनशास्त्रज्ञ आणि चित्रकार जॉन वाइल्ड असे पांच सहकारी होते.

साडेतीन वर्षांच्या या प्रवासाचें वर्णन वाचतांना साहसाच्या गोष्टी डोळ्यांपुढें येतात. परंतु त्याचें खरें स्वरूप एकसुरी कष्टांचें होतें. ठरलेल्या ठिकाणीं जहाज उभें करावें. वजनें बांधलेला दोर सोडून खोली मापावी. तळाची माती वर आणावी. तळाचें व मधल्या थरांचें उष्णमान पाहावें. पाण्याचे नमुने घ्यावे. मग जाळें सोडून तासन्‌तास ओढावें. आणि रात्रीं दिव्याच्या उजेडांत सांपडलेला प्रत्येक प्राणी निवडून, नोंदून, मद्यार्कांत ठेवावा. दुसऱ्या ठिकाणीं पुनः तेंच. अशीं ३६२ ठिकाणें त्यांनीं तपासलीं व सुमारें ६९,००० सागरी मैलांचा प्रवास केला. प्रथमप्रथम जाळें वर येतांना सगळे खलाशी कुतूहलानें धांवत येत; पुढें चिखल उपसण्याचा त्यांस इतका कंटाळा आला कीं, कांहींजण बंदरांत उतरले ते परत आलेच नाहींत. आरंभींच एका तरुण खलाशाचा यंत्राचा भाग तुटून मृत्यु झाला. विलेमोस-झूम हे ऐन तारुण्यांत, सन १८७५ मध्यें, ताहिती बेटाकडे जातांना आजारानें मरण पावले व त्यांचें शव समुद्रांतच सोडावें लागलें. ज्ञानाची किंमत अशी मोजावी लागते.

ता. २३ मार्च १८७५ रोजीं पॅसिफिक महासागरांत मारियाना बेटांजवळ खोली मापीत असतां दोर खालीं जातच राहिला. अखेरीस ४,४७५ वांवांवर, म्हणजे पांच मैलांहून अधिक खोलीवर, तळ लागला. पाण्याच्या दाबानें सोडलेल्या उष्णतामापकांपैकीं कांहींचा चुराडा झाला. परंतु तळाची चिमूटभर माती वर आली. एकंदर प्रवासांत सागरतळाचें जें चित्र तयार झालें, तें सपाट थाळीचें नव्हतें. अटलांटिकच्या मध्यभागीं दक्षिणोत्तर पसरलेला उंचवटा, दोन्ही बाजूंस विस्तीर्ण मैदानें, आणि क्वचित् ठिकाणीं भयंकर दऱ्या असें तें चित्र होतें. तळाची मातीही खोलीप्रमाणें बदलत होती. मध्यम खोलीवर ग्लोबिजेरिना नांवाच्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा पांढुरका गाळ. २,००० वांवांच्या पलीकडे तो विरळ होत जाऊन त्याच्या जागीं तांबडी चिकणमाती. याचें कारण असें कीं, अति खोल, थंड पाण्यांत चुन्याचीं कवचें विरघळून जातात. फोर्ब्स यांनीं उथळ समुद्रांत पाहिलेले पट्टे खोल समुद्रांतही निराळ्या रूपानें होतेच. शून्य मात्र कोठेंच नव्हतें.

थॉमसन यांचा मोठेपणा आणखी एका गोष्टींत दिसून येतो. दुसऱ्याचें चुकलेलें मत खोडून काढणें सोपें. स्वतःचें मत टाकणें कठीण. ग्लोबिजेरिना हे जीव समुद्राच्या तळाशींच राहतात, असें थॉमसन यांनीं आपल्या पुस्तकांत प्रतिपादन केलें होतें. ‘चॅलेंजर’वर जॉन मरे यांनीं बारीक जाळीं पृष्ठभागाजवळ ओढून दाखविलें कीं, ते जीव वरच्या पाण्यांत जगतात व मेल्यावर त्यांचीं कवचें पावसाप्रमाणें खालीं पडतात. मरे हे वयानें लहान व हाताखालचे होते. तरी पुरावा पाहतांच थॉमसन यांनीं आपलें मत उघडपणें सोडून दिलें. दुसरी गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. मद्यार्कांत ठेवलेल्या खोल समुद्राच्या चिखलांत एक बुळबुळीत पदार्थ दिसे. तो जीवसृष्टीचें आद्य रूप असावें असें समजून प्रख्यात शास्त्रज्ञ हक्स्ले यांनीं त्यास बॅथिबिअस असें नांव दिलें होतें, आणि थॉमसन यांचाही त्यावर विश्वास बसला होता. ‘चॅलेंजर’वर ताजा चिखल कितीही तपासला तरी तो पदार्थ आढळेना. शेवटीं बुकॅनन यांनीं दाखविलें कीं, समुद्राच्या पाण्यांत मद्यार्क घातला असतां खालीं बसणारा तो केवळ एक क्षार आहे. थॉमसन यांनीं ही बातमी पत्रानें हक्स्ले यांस कळविली. आणि हक्स्ले यांनींही ती प्रसिद्ध करून आपला प्रमाद मान्य केला. त्याचप्रमाणें खोल समुद्रांत पुरातन काळचे अनेक प्राणी जिवंत सांपडतील, ही थॉमसन यांची प्रिय आशाही फारशी फळास आली नाहीं. त्यांनीं तेंही लपविलें नाहीं. समुद्रानें जें उत्तर दिलें, तें त्यांनीं मान्य केलें.

ता. २४ मे १८७६ रोजीं ‘चॅलेंजर’ इंग्लंडास परत आलें. त्याच वर्षीं थॉमसन यांस सर ही पदवी व रॉयल सोसायटीचें पदक मिळालें. परंतु खरें काम आतां सुरू व्हावयाचें होतें. पांचशेंहून अधिक पेट्या भरून आणलेल्या प्राण्यांचा अभ्यास कोणी करावा? हा संग्रह ब्रिटिश पैशानें झालेला असल्यामुळें तो ब्रिटिश विद्वानांसच द्यावा, असा आग्रह कांहींनीं धरिला. थॉमसन यांनीं ठरविलें कीं, ज्या प्राण्याचा जो सर्वांत उत्तम जाणकार, त्याच्याकडे तो प्राणी जावा. मग तो जर्मन असो, अमेरिकन असो कीं इंग्रज असो. यामुळें त्यांच्यावर टीका झाली, परंतु ते ढळले नाहींत. जर्मनीचे हेकेल व अमेरिकेचे अगासीझ यांसारख्या तज्ज्ञांकडे नमुने गेले, आणि म्हणूनच ‘चॅलेंजर’चे अहवाल साऱ्या जगाचे झाले.

अध्यापन, लेखन, पत्रव्यवहार आणि खर्चाविषयीं सरकारशीं चाललेल्या वाटाघाटी या सर्वांचा भार त्या मूळच्या नाजूक शरीरास सोसला नाहीं. सन १८७९ मध्यें प्रकृति अगदीं खालावल्यामुळें त्यांस अध्यापन सोडावें लागलें. अहवालाचे पहिले कांहीं खंड त्यांनीं पाहिले. बाकीचे पाहण्याचें भाग्य त्यांस लाभलें नाहीं. जेथें त्यांचा जन्म झाला होता, त्या बॉन्साइड येथेंच ता. १० मार्च १८८२ रोजीं, वयाच्या ५२ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. ज्यांच्यापुढें थॉमसन यांनीं आपलें मत मोकळेपणानें बदललें होतें, त्याच जॉन मरे यांनीं गुरूचें अपुरें काम हातीं घेतलें व सन १८९५ मध्यें पन्नास खंडांचा तो ग्रंथराज पुरा केला. त्यांत ४,७०० च्या आसपास नव्या जातींचें वर्णन आहे.

त्यानंतर सागरतळाचें ज्ञान पुष्कळ वाढलें आहे. आज शास्त्रज्ञ त्याचे मुख्य विभाग पुढीलप्रमाणें करतात. किनाऱ्यापासून सुमारें २०० मीटर खोलीपर्यंत भूखंडाची बुडालेली कड. तेथें प्रकाश पोहोंचतो व मासेमारीचा बहुतेक व्यवहार तेथेंच चालतो. त्यापुढें तीन-चार हजार मीटरांपर्यंत भूखंडाचा उतार. त्याखालीं ६,००० मीटरांपर्यंत गाढ अंधाराचीं, बर्फासारख्या थंड पाण्याचीं विशाल मैदानें. आणि त्याहूनही खालीं अरुंद दऱ्या. दर दहा मीटरांस पाण्याचा दाब सुमारें एका वातावरणाइतका वाढत जातो. तरीही प्राणी चिरडून जात नाहींत, कारण त्यांच्या शरीरांतही पाणीच भरलेलें असतें आणि आंतला व बाहेरचा दाब समान राहतो. ‘चॅलेंजर’ याच नांवाच्या दुसऱ्या एका जहाजानें सन १९५१ मध्यें मारियानाच्या दरींत जें सर्वांत खोल ठिकाण मापलें, त्यास ‘चॅलेंजर’चेंच नांव मिळालें, तें सुमारें १०,९०० मीटर खोल आहे. सन १९६० मध्यें दोन माणसें पोलादी गोलांत बसून तेथपर्यंत उतरलीं. सन १९७७ मध्यें गालापागोस बेटांजवळ सागरतळांतून उसळणारे ऊन पाण्याचे झरे व त्यांभोवतीं, सूर्यप्रकाशावांचून, केवळ रसायनांच्या आधारें वाढलेली जीवसृष्टि सांपडली. सन २०२२ मध्यें जपानजवळ ८,३०० मीटरांहून अधिक खोलीवर पोहणारा मासा यंत्राच्या डोळ्यानें टिपला.

आपल्या देशाचाही या परंपरेशीं संबंध आहे. जॉन मरे यांनीं ठेवलेल्या द्रव्यांतून सन १९३३-३४ मध्यें ‘मबाहिस’ या इजिप्तच्या जहाजावरून अरबी समुद्राचा तळ तपासण्यांत आला. त्या मोहिमेचे प्रमुख सेमूर सेवेल हे हिंदुस्थानच्या प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक होते. सन १९६६ मध्यें राष्ट्रीय सागरविज्ञान संस्थेची स्थापना झाली. तिचें मुख्य ठाणें गोव्यांत दोना पावला येथें आहे. ‘चॅलेंजर’नें सन १८७३ मध्यें अटलांटिकच्या तळावरून मँगॅनीज धातूचे बटाट्याएवढे काळे गोळे वर काढले होते, तसलेच गोळे या संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजानें सन १९८१ मध्यें हिंदी महासागरांतून वर आणले.

फोर्ब्स यांच्या पट्ट्यांची मांडणी आजही आदरानें शिकविली जाते. त्यांची शून्याची रेषा मात्र पुसली गेली. दोन्ही गोष्टी एकाच बुद्धिमान पुरुषाच्या होत्या. पहिली त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली होती, दुसरी तर्कानें लांबविली होती. थॉमसन यांनीं त्यांचा उपहास केला नाहीं, कीं त्यांच्या कीर्तीस भिऊन ते गप्पही बसले नाहींत. त्यांनीं अधिक लांब दोर घेतला आणि अधिक खोल सोडला. आपल्या पुस्तकांतही अशा पुष्कळ रेषा आंखलेल्या असतात. त्यांतील कोणती पाहून आंखली आहे व कोणती केवळ पुढें लांबविली आहे, हें विचारण्याची संवय ज्या विद्यार्थ्यास लागेल, त्यास थॉमसन यांच्या चरित्राचा उपयोग झाला असें म्हणतां येईल.